कसब्याचे सांडपाणी आणि पंढरीचे तीर्थ

आषाढी एकादशीच्या आधी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात येतात तेव्हा पुणेकरांच्या आतिथ्याला सीमा उरत नाही. कसबा पेठेपासून भवानी पेठेपर्यंत घरोघर पंगती उठतात, वारकऱ्यांच्या पायांना तेल लावले जाते, तुटलेल्या चपला शिवून दिल्या जातात. मुक्काम आटोपून पालख्या निघतात आणि तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरची वाट धरते. त्याच सुमारास, त्याच दिशेने, पुण्याचे आणखी काही पंढरपूरकडे निघालेले असते. त्याला टाळ-मृदंग नाही, पताका नाही. ते आहे पुण्याचे मैलापाणी. वारकरी वर्षातून एकदा जातो. हे पाणी बाराही महिने जाते.

यात अलंकारिक असे काही नाही. हा निव्वळ भूगोल आहे. कसबा पेठेच्या कडेने वाहणारी मुठा संगमावर मुळेला मिळते. मुळा-मुठा येरवडा, मुंढवा, कवडी अशी वाहत रांजणगाव सांडसजवळ भीमेत शिरते. भीमा उजनीच्या जलाशयात विसावते आणि तेथून पुढे पंढरपुरास जाऊन चंद्रभागा होते. जिच्या पाण्याने आचमन करण्यासाठी लक्षावधी माणसे अडीचशे किलोमीटर चालतात, ती चंद्रभागा कसब्यातील प्रत्येक न्हाणीघराच्या मोरीशी जोडलेली आहे. ज्या वारकऱ्याला पुणेकर जेवू घालतो, त्याच्याच तीर्थात तो आपले सांडपाणी सोडतो. याहून मोठी विसंगती कोणती?

नदीमुळे गाव, गावामुळे गटार

कसबा म्हणजे मूळ पुणे. आदिलशाही सरदाराने गाढवाचा नांगर फिरवून उद्ध्वस्त केलेल्या या गावात जिजाऊंनी बालशिवाजीच्या हस्ते सोन्याचा नांगर फिरविला, कसबा गणपतीची प्रतिष्ठापना केली आणि गाव पुन्हा वसविले, असे परंपरा सांगते. हे गाव येथे वसले ते नदी होती म्हणून. कुंभारवाड्याला माती आणि पाणी हवे होते, तांबट आळीला पाणी हवे होते, बुरुडांना आणि भोयांना नदीचा शेजार हवा होता. पुढे नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळ आणून शहरातील हौद भरले; त्या पाण्याची शिस्त आणि पावित्र्य राखले गेले, कारण ते आपले आहे हे प्रत्येकाला ठाऊक होते.

नदीही त्या काळी जिवंत होती. कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधील माशांचा अभ्यास करून १८३९ साली महाशीराच्या एका जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘खुद्री’ हे नाव शास्त्रात रूढ झालेला तो मासा त्याला मिळाला होता पुण्याजवळच्या मुळा-मुठेत. महाशीर हा स्वच्छ, वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्याचा मासा. ज्या नदीने ही जात जगाला ओळख करून दिली, तिच्या शहरातील पात्रात आज ती नांदू शकत नाही. त्या माशाचे बीज लोणावळ्याजवळ टाटांच्या वळवण येथील मत्स्यकेंद्रात कृत्रिम रीतीने वाढविण्याची वेळ आली. नदीच्या अवनतीचे याहून स्पष्ट प्रमाणपत्र कोणी लिहून द्यावयाचे?

हे घडले कसे, हेही समजून घेतले पाहिजे. १८७९ च्या सुमारास खडकवासल्याचे धरण पूर्ण झाले. पुढे पानशेत, वरसगाव, टेमघर झाली. शहराची तहान भागली, दौंड-इंदापूरची शेती भिजली, हे मान्यच करावयास हवे. परंतु त्याबरोबर खडकवासल्याच्या खाली मुठेचे स्वतःचे पाणी पावसाळ्याबाहेर जवळपास संपले. पुणे शहर वर्षाला पंधरा टीएमसीहून अधिक पाणी उचलते आणि त्यातील बहुतांश मैला होऊन परतते. पावसाळा सरला की पात्रात जे दिसते ती नदी नसते, ते शहराचे उत्सर्जन असते. कसब्याच्या पूर्वेला वाहणारी नागझरी पाहावी. नावात झरा आहे आणि पात्रात गटार आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि नदीने काठच्या पेठा एका दिवसात उद्ध्वस्त केल्या. त्या दिवसाच्या आठवणी पुणेकर आजही सांगतात. परंतु त्यानंतरच्या सहा दशकांत पुण्याने नदीची जी दशा केली, तिचा स्मृतिदिन कोणी पाळत नाही.

येनचे कर्ज आणि सहा वर्षांची शांतता

उपाय झाले नाहीत असे नाही. जानेवारी २०१६ मध्ये जपानच्या ‘जायका’ या संस्थेशी मुळा-मुठा शुद्धीकरणासाठी कर्जाचा करार झाला. सुमारे १९ अब्ज येन, नाममात्र व्याज, चाळीस वर्षांची मुदत. प्रकल्पाची किंमत ९९० कोटी रुपये. त्यातील ८५ टक्के भार केंद्राने अनुदान म्हणून उचलला. सुमारे चारशे दशलक्ष लिटर मैलापाणी रोज शुद्ध करणारी अकरा केंद्रे उभी राहावयाची होती आणि जानेवारी २०२२ पर्यंत काम संपावयाचे होते. प्रत्यक्षात या प्रकल्पाची कोनशिला पंतप्रधानांच्या हस्ते बसली ती ६ मार्च २०२२ रोजी, म्हणजे काम संपावयाची मुदत उलटल्यानंतर. तोवर खर्चाचा आकडा १,४७० कोटींच्या घरात गेला होता. पैसा होता, तंत्रज्ञान होते, केंद्र सरकारची इच्छा होती. सहा वर्षे गेली ती निविदा, फेरनिविदा आणि जागा यांच्या घोळात. या काळात महापालिकेतील सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली, नाल्याची दिशा मात्र बदलली नाही. दोष एका पक्षाचा नाही. नदी ही कोणाच्याच प्रगतिपुस्तकात विषय म्हणून नव्हती, हा खरा दोष आहे.

त्याच कोनशिला समारंभात नदीकाठ सुधारणेचीही पायाभरणी झाली. ४४ किलोमीटर काठावर फरसबंद वाटा, बागा आणि बैठका करण्याची ही योजना. नदीकाठी फिरावयास कोणाला नको आहे? शहराला शोभा यावी यात गैर काय? प्रश्न क्रमाचा आहे. घरात मोरी तुंबली असता गृहस्थ आधी मोरी साफ करतो की दिवाणखान्याला रंग देतो? मैला वाहत असलेल्या पात्राला दगडी कोंदण केल्याने ते तीर्थ होत नाही. उलट पात्र आवळले तर पुराचे पाणी वस्तीत शिरते, आणि काठचे झाड-झुडूप गेले तर पाणी गाळण्याची निसर्गाची स्वतःची व्यवस्था जाते. आधी पाणी, मग घाट. आपल्या पूर्वजांनीही घाट बांधले, परंतु ते वाहत्या निर्मळ पाण्याकडे उतरण्यासाठी; अशुद्ध पाणी झाकण्यासाठी नव्हे.

उगमी अभयारण्य, मुखी पक्षितीर्थ, मध्ये पुणे

या प्रश्नाकडे केवळ पुण्याच्या हद्दीत पाहिले तर तो सुटणार नाही. भीमा उगम पावते भीमाशंकरी. तेथे ज्योतिर्लिंग आहे, देवराया आहेत आणि शेकरूसाठी १९८५ साली घोषित झालेले सुमारे १३० चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे. मुळेच्या खोऱ्याच्या माथ्यावर ताम्हिणीचे अभयारण्य आहे. खाली उजनीच्या फुगवट्यावर भिगवण, कुंभारगाव या परिसरात हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. लोणीजवळच्या कवडीपाटावर चक्रवाक येतात. संस्कृत कवींनी ज्याच्या विरहाची वर्णने केली तोच हा चक्रवाक. तो लडाख-तिबेटकडून येऊन पुण्याच्या फेसाळ पाण्यात चोच बुडवितो.

म्हणजे उगमाशी संरक्षित अरण्य, पुढे पक्ष्यांचा आश्रय, आणि या दोहोंच्या मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड. डोके शुद्ध, पाय शुद्ध असावेत अशी अपेक्षा आणि हृदयात विष. अभयारण्याभोवती कुंपण घालता येते, नदीभोवती नाही. भरतपूरच्या केवलादेव उद्यानाचे उदाहरण बोलके आहे. १९८१ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून त्याची नोंद झाली, पुढे ते जागतिक वारसा ठरले. परंतु त्याला पाणी मिळत होते उद्यानाबाहेरून. ते पाणी वरच्या पांचना धरणाच्या वादात अडकले आणि उद्यान तहानले. सायबेरियाहून येणारे क्रौंच तेथे २००२ नंतर दिसले नाहीत. कागदावरचे संरक्षण जमिनीला मिळाले होते, पाण्याला नव्हते.

पुण्यात तर कागदही धड नाही. येरवड्याजवळच्या ज्या पट्ट्याला पुणेकर डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य म्हणतात, त्याला ते नाव लोकांच्या प्रेमाने मिळाले आहे. वन्यजीव कायद्याखालील अभयारण्याचा दर्जा त्याला मिळाला नाही. नावाने रक्षण होत नाही. तेथे राडारोडा पडतो, जलपर्णी माजते, आणि घाण पाण्यातही तग धरणाऱ्या शेकाट्यांसारख्या पक्ष्यांचे थवे पाहून भाबडे लोक नदी जिवंत असल्याचे समाधान मानतात.

जे राष्ट्रांना साधते

आता सीमेपलीकडे पाहावे. मानस नदी भूतानच्या डोंगरांतून आसामात उतरते. अलीकडे आपले मानस राष्ट्रीय उद्यान, पलीकडे भूतानचे रॉयल मानस. दोन सार्वभौम राष्ट्रे, दोन राज्यव्यवस्था, दोन भाषा. बंडखोरीच्या काळात आपल्या मानसची इतकी हानी झाली की १९९२ साली ते ‘संकटग्रस्त’ जागतिक वारशांच्या यादीत गेले. २०११ साली ते त्या यादीतून बाहेर आले. त्यात आसामच्या वनरक्षकांचा आणि बोडो तरुणांचा वाटा मोठा आहेच. पण दोन्ही देशांच्या वन खात्यांनी एकत्र गस्त, एकत्र व्याघ्रगणना आणि माहितीची देवाणघेवाण सुरू केली, हेही तितकेच खरे. हे सहकार्य निर्दोष आहे असे नव्हे. भूतानच्या कुरिछू धरणातून सोडलेल्या पाण्याने आसामात पूर येतो, ही तक्रार जुनी आहे. परंतु तक्रार करावयास समोर कोणी तरी बसलेला आहे. सुंदरबनाच्या रक्षणासाठी भारत आणि बांगलादेश यांनी सप्टेंबर २०११ मध्ये करार केला. गंगेच्या पाणीवाटपाचा करार त्याआधीच, १९९६ साली झाला होता.

युरोपातील डॅन्यूब दहा देशांतून वाहते. याच देशांनी विसाव्या शतकात एकमेकांविरुद्ध दोन महायुद्धे लढली, त्यांच्यामध्ये पोलादी पडदा उभा राहिला. त्याच देशांनी १९९४ साली सोफिया येथे नदीरक्षणाचा करार केला आणि २००७ पासून काठावरच्या संरक्षित क्षेत्रांनी आपले एक जाळे विणले. ऑस्ट्रियातील पूरमैदानाच्या जंगलापासून काळ्या समुद्रावरील त्रिभुज प्रदेशापर्यंतची उद्याने स्टर्जन माशाच्या आणि समुद्रगरुडाच्या रक्षणासाठी एकत्र काम करतात. कारण माशाला देशाची सीमा कळत नाही. आणि हे जंगल तरी वाचले कसे? डिसेंबर १९८४ मध्ये व्हिएन्नाजवळच्या हाइनबुर्ग येथे वीजप्रकल्पासाठी झाडे तोडली जाणार होती. सामान्य नागरिक कडाक्याच्या थंडीत रानात तळ ठोकून बसले, सरकारला थांबावे लागले, आणि १९९६ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. करार नंतर आला, समाज आधी उभा राहिला.

आणि येथे? येथे भीमेच्या काठावर दोन राष्ट्रे नाहीत. एक राज्य आहे, एक भाषा आहे, एक विठ्ठल आहे. तरीही पुण्याची महापालिका नदीत काय सोडते, याचा जाब सोलापूरचा नागरिक कोठे विचारणार? उजनीचे पाणी सोलापूर शहर पिते, पंढरपूर पिते. भीमाशंकरचे वनाधिकारी, पुणे व पिंपरीचे आयुक्त, उजनीचे अभियंते, पंढरपूरची नगरपरिषद आणि मंदिर समिती यांनी एका मेजाभोवती बसून एका नदीचा हिशेब मांडावा, अशी अधिकार असलेली कायमची व्यवस्था कोठे आहे? दिल्ली आणि थिंफू यांना जे साधते, ते पुणे आणि सोलापूर यांना का साधू नये?

तीन सबबी

हा प्रश्न विचारला की ठरावीक उत्तरे येतात. पहिले असे की, उजनीच्या विशाल जलाशयात घाण तळाशी बसते आणि पुढे पाणी बरे होते. म्हणजे ११७ टीएमसीचे धरण सोलापूरच्या शेतकऱ्यासाठी बांधले की पुण्याच्या मैल्याची टाकी म्हणून? तळाशी बसलेली घाण नाहीशी होत नाही. पाण्यावर हिरवा थर येतो तो तिचाच पुरावा असतो.

दुसरे उत्तर नव्या विद्वानांचे. त्यांच्या मते नदी बिघडली ती हिंदूंच्या सणांमुळे. गणेशोत्सव आला की यांची नदीभक्ती जागी होते आणि अनंत चतुर्दशी सरली की झोपी जाते. वास्तविक पुण्याच्या मानाच्या गणपतींनी नदीऐवजी हौदात विसर्जन करण्याचा पायंडा पाडून समाजाला वाट दाखविली. नदी मारली ती रोज अहोरात्र येणाऱ्या मैलापाण्याने, दहा दिवसांच्या उत्सवाने नव्हे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले, त्यांतील ५३ महाराष्ट्रात होते, सर्व राज्यांत अधिक. २०२२ मध्ये देशाचा आकडा ३११ पर्यंत उतरला, महाराष्ट्राचा ५५ वर चढला. हे पट्टे मूर्तींनी भरले आहेत काय? परंतु हे सांगताना आपलेही अंगण झाडले पाहिजे. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पुलावरून भिरकावलेले निर्माल्य ही भक्ती नव्हे, आळस आहे. शाडूची मूर्ती कुंभारवाड्यातून घरी आणणे ज्यांच्या परंपरेत होते, त्यांनी प्लास्टरच्या उंचीची स्पर्धा करणे ही परंपरेची प्रतारणा आहे. नदीला माता म्हणणाऱ्यावर परक्यापेक्षा अधिक जबाबदारी येते, कमी नव्हे.

तिसरे उत्तर काही स्वकीयांचे. पाणथळींचे करार, रामसर, स्थलांतरित पक्षी ही सारी पाश्चात्त्यांची थेरे आहेत, असे ते म्हणतात. हा गैरसमज आहे. रामसर हे इराणमधील गाव. तेथे १९७१ साली झालेला करार भारताने १९८२ पासून स्वेच्छेने पाळला आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये स्थलांतरित प्राण्यांच्या संरक्षणाची जागतिक परिषद भारताने गांधीनगर येथे भरविली. मध्य आशियाच्या पक्षिमार्गावरील तीस देशांत भारताने पुढाकार घेतला आहे. आणि मूळ कल्पना तर आपलीच आहे. महाडजवळ वाळण कोंडीच्या डोहात, वाड्याजवळ तिळसेश्वरापाशी वैतरणेत, शृंगेरीला तुंगेत देवाचे मासे म्हणून महाशीर राखले गेले. तेथे कोणी जाळे टाकत नाही, आणि कोणत्याही सरकारने तशी अधिसूचना काढली नव्हती. संरक्षित क्षेत्र म्हणजे काय, हे कोकणातल्या भाविकाला रामसर होण्याच्या कितीतरी आधी ठाऊक होते. जगाशी सहकार्य करताना आपण ऋणको म्हणून नव्हे, अनुभवी म्हणून बसावयास हवे. मात्र त्यासाठी स्वतःची नदी दाखविण्याजोगी असावी लागते.

काय केले पाहिजे

भीमेच्या उगमापासून पंढरपूरपर्यंत एकच खोरे-प्राधिकरण व्हावे आणि त्यात वन खात्यासह वरच्या व खालच्या सर्व नगरांना समान आवाज असावा. संगम, तुळापूर, कवडी, दौंड आणि पंढरपूर येथील पाण्याची तपासणी दर महिन्याला होऊन तिचे आकडे वर्तमानपत्रांत छापले जावेत. तुळापूरचे नाव मुद्दाम घेतले आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या स्मृतीने पावन झालेल्या त्या संगमावर इंद्रायणी आळंदीचा फेस घेऊन येते, हे लाजिरवाणे आहे. खडकवासल्यातून उन्हाळ्यातही थोडे पाणी केवळ नदीसाठी सोडले जावे. मैलापाण्याची सर्व केंद्रे पूर्ण क्षमतेने चालू होईपर्यंत काठावर नवे काँक्रीट पडू नये. कवडी आणि उजनीच्या पाणथळींना कायद्याचे कवच मिळावे. धरण मानवनिर्मित आहे ही सबब येथे चालणार नाही. नांदूरमधमेश्वरचा जलाशयही गोदावरीवरील बंधाऱ्यानेच तयार झाला, आणि २०२० साली तोच महाराष्ट्राचे पहिले रामसर क्षेत्र ठरला.

सरकारकडे मागणी करून मोकळे होणे मात्र सोपे आहे. कसब्यातील एकेका गणेश मंडळाकडे शेकडो तरुण आहेत, वर्षानुवर्षांची शिस्त आहे, घराघरांत प्रवेश आहे. दहा दिवस जे संघटन रस्त्यावर उभे राहते, त्याने उरलेल्या दिवसांत नागझरीला मिळणारी एकेक गटारवाहिनी शोधावी, तिची नोंद करावी आणि ती शुद्धीकरण केंद्राकडे वळेपर्यंत क्षेत्रीय कार्यालयाचा पिच्छा सोडू नये. पुण्यातील कार्यकर्त्यांनी पंढरपूर आणि सोलापूरच्या कार्यकर्त्यांना वर्षातून एकदा बोलावून आपल्या नदीचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवावा. हाइनबुर्गच्या नागरिकांनी थंडीत रात्री काढल्या. पुणेकराला तर केवळ आपल्याच घराच्या मोरीमागे चालत जावयाचे आहे. ती वाट पंढरपूरलाच जाते.